लाल पेन्सिलीची खूण



आज सकाळी बडनेऱ्याला गाडीत बसलो. खिडकीजवळची जागा मिळाली, आणि सवयीनं मोबाईल उघडला. माझ्या वाचनाच्या ॲपमध्ये 31 नवे मथळे येऊन पडले होते. कुरूम येईपर्यंत त्यातले 24 मी बोटानं बाजूला सारले. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा चार उरले होते. काटेपूर्णा गेलं तोवर त्या चारांतला एक लेख मी शेवटपर्यंत वाचला होता. तो संत्र्याच्या बागेतल्या जमिनीतल्या बुरशीवर होता. वरूड-मोर्शीकडे आपण ज्याला डिंक्या म्हणतो, त्या रोगाच्या मुळाशी असलेली ही बुरशी. उरलेले तीन मी रविवारसाठी ठेवले. अकोला स्टेशनवर उतरलो तेव्हा मोबाईल खिशात होता आणि डोक्यात एक नवी गोष्ट होती. आज मला बोलायचं आहे ते एवढ्याशाच गोष्टीबद्दल. ज्याच्या हातून दुसऱ्याचं भलंबुरं होऊ शकतं, अशा माणसानं आपल्या विषयातलं नवं वाचन कसं राखावं, आणि काय वाचायचं हे कोणी ठरवावं?

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्या सरांच्या हाताखाली मी ग्रंथालयात कामाला लागलो. तेव्हा परदेशी नियतकालिकं जहाजाच्या टपालानं यायची. जानेवारीचा अंक पोहोचायला कधीकधी पावसाळा उजाडे. पाकीट फोडलं की सर पहिल्यांदा अंकाचं अनुक्रमणिकेचं पान काढून झेरॉक्सला द्यायचे. मग एक लाकडी पेटी पुढ्यात घ्यायचे. तालिकेची जुनी कार्डं त्यांनी कधी टाकून दिली नाहीत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर प्रत्येक प्राध्यापकाचं नाव आणि खाली त्यांचा विषय लिहिलेला असे. विषय म्हणजे नुसतं 'कीटकशास्त्र' नव्हे. 'तुडतुडे, विशेषतः कपाशीवरचे. सध्या फवारणीच्या वेळांवर काम' इतकं नेमकं. त्या कार्डांवर एक नजर, झेरॉक्सवर एक नजर, आणि लाल पेन्सिलीनं एकेका मथळ्यापुढं बारीक खूण. खुणेशेजारी त्या त्या माणसाच्या नावाचं आद्याक्षर. दुपारी शिपाई ही पानं विभागाविभागात देऊन यायचा.

एका वर्षी ग्रंथमोजणी सुरू असताना त्या पानांचा एक गठ्ठा माझ्या टेबलाच्या खणात महिनाभर राहिला. वाटायचं काम माझं होतं. त्याच महिन्यात एका विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधाचा विषय ठरवला, नोंदणी केली आणि शेतात प्रयोगाची आखणीही केली. चार महिन्यांनी त्याला कळलं की नेमका तोच प्रश्न दुसरीकडे सुटलेला आहे, आणि तो लेख ज्या अंकात आहे तो आपल्याच ग्रंथालयात आहे. त्याचा एक हंगाम गेला. सरांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी लाल पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ''आता खुणा तूच कर. कोणाचं काय चाललंय हे ठाऊक नसलं की गठ्ठा म्हणजे नुसता कागद वाटतो.'' ते वाक्य मी आयुष्यभर जवळ बाळगलं आहे.

सर जे करत होते त्याला आमच्या शास्त्रात नाव आहे. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दलचं. 1950 च्या दशकात अमेरिकेत यूजीन गारफिल्ड यांनी निरनिराळ्या नियतकालिकांच्या अनुक्रमणिकाच एकत्र छापायला सुरुवात केली. 'करंट कंटेंट्स' नावाची ती पुस्तिका जगभरचे शास्त्रज्ञ आधी उघडायचे, मूळ अंक नंतर. 1958 मध्ये आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी कल्पना मांडली की प्रत्येक वाचकाच्या आवडीचा एक तक्ता यंत्रात ठेवावा आणि नवं साहित्य त्या तक्त्याशी ताडून ज्याचं त्याला पाठवावं. सरांची लाकडी पेटी म्हणजे तेच. यंत्राच्या जागी त्यांची स्मरणशक्ती आणि आस्था होती, एवढाच फरक.

आता मोबाईलमधल्या त्या ॲपकडे येतो. 1999 मध्ये नेटस्केप कंपनीनं एक साधा प्रघात सुरू केला, त्याला आरएसएस म्हणतात. संकेतस्थळ आपल्या दारावर जणू एक छोटी पाटी लावून ठेवतं. आज काय नवं आलं, किती वाजता आलं, त्याचा सारांश काय आणि पूर्ण मजकूर कुठं सापडेल, एवढंच त्या पाटीवर असतं. आपण ॲपला सांगायचं की मला या दहा दारांवरच्या पाट्या हव्यात. ते ठरावीक वेळानं सगळ्या दारांवरून फिरून येतं आणि जिथं नवं काही दिसेल ते आपल्यापुढं मांडतं, आलेल्या क्रमानं. नारिंगी चौकोनात एक ठिपका आणि दोन कमानी असं चिन्ह काही संकेतस्थळांवर आजही दिसतं, ती या पाटीची, म्हणजे फीडची, खूण. फीडली, इनोरीडर, फीडर अशी ही ॲप्स फुकट मिळतात. लावायला अर्धा तास पुरतो.

इथं कोणी म्हणेल, आमच्या मोबाईलवर बातम्या आपसूक येतातच की, आणि वेगवेगळ्या व्यवसायांचे व्हॉट्सॲप ग्रुपही आहेत. खरं आहे, मीही अशा सात ग्रुपांत आहे. फरक कुठं पडतो ते सांगतो. मोबाईल आपणहून जे दाखवतो ते आपण काल कशावर बोट ठेवलं यावरून ठरतं. तुरीच्या भावाची बातमी उघडली की आठवडाभर भावच भाव. ग्रुपवर जे येतं ते कोणाला तरी पुढं ढकलावंसं वाटलं म्हणून येतं. तारीख नसते, मूळ ठिकाण नसतं. दोन वर्षांपूर्वीचा सल्ला आजचा म्हणून फिरतो आणि त्यावर लोक फवारणी करतात. फीडच्या ॲपमध्ये मी सांगितलेल्या दारांपलीकडचं काही येत नाही, आणि जे येतं त्यावर तारीख आणि ठिकाण असतं. निवड माझी, म्हणून चुकीची जबाबदारीही माझी. व्यवसाय करणाऱ्या माणसाला मला हेच शोभणारं वाटतं.

आता आपल्या मातीतली गोष्ट. गुलाबी बोंडअळी.

या सभागृहात पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, फूल ज्यांनी हातानं उघडून पाहिलं आहे असे पुष्कळ जण बसले आहेत. तरी शहरातल्या तरुणांसाठी सांगतो. फूल उमलायला हवं, पण पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या राहतात. त्याला डोमकळी म्हणतात. ती अलगद सोडवली की आत अळी. पुढं ती हिरव्या बोंडात शिरते, आणि आत शिरल्याचं छिद्रही भरून येतं. बाहेरून बोंड ठणठणीत दिसतं. वेचणीच्या वेळी फुटतं तेव्हा आत पिवळी पडलेली, चिकटलेली सरकी आणि कवडी कापूस. ही कीड डोळ्याला दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून या किडीच्या बाबतीत आधी कळण्याला इतकी किंमत.

बोंडअळी रोखणारं जनुक घातलेल्या बीटी कपाशीला आपल्या देशात 2002 मध्ये परवानगी मिळाली. मार्च 2010 मध्ये बियाणं बनवणाऱ्या कंपनीनंच जाहीर केलं की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी एका जनुकाच्या बीटीला दाद देईनाशी झाली आहे. 2011 मध्ये या प्रतिकारक्षमतेवरचा शोधनिबंध 'पेस्ट मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात आला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचं ते काम. पुढं दोन जनुकांचं बीटीही गुजरातेत कमी पडू लागलं. आणि 2017 च्या हंगामात ती अळी विदर्भ-मराठवाड्याच्या शिवारात अशी उतरली की लोकांनी उभ्या पऱ्हाटीत ट्रॅक्टर घातले, गुरं सोडली. दोन्ही जनुकांना अळी दाद देत नाही हे देशभरच्या नमुन्यांवरून सांगणारा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा निबंध त्याच नियतकालिकात 2018 मध्ये प्रसिद्ध झाला.

या तारखा एका ओळीत मांडल्या की माझ्या छातीत कळ येते. 2010 आणि 2017. मध्ये सात हंगाम. राजकोट काही परदेशात नाही.

फीडचं ॲप असतं तर बोंडअळी टळली असती, असं मी म्हणणार नाही. बोंडअळीला कारणं अनेक होती. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची नॉन बीटीची पुडी मिळायची. ती बांधाच्या कडेनं लावायची असे, म्हणजे अळीला साधी कपाशीही मिळते आणि प्रतिकारक अळ्यांचीच पैदास वाढत नाही. ती पुडी कित्येक घरी माळ्यावरच पडून राहिली. लांब मुदतीचे वाण, फरदड म्हणजे वेचणीनंतरही पीक पुढं राखणं, जिनिंगच्या आवारात महिनोन्‌महिने पडलेली सरकी, हे सगळं होतं. यातलं काही वाचनानं सुटत नाही. पण पुडी लावा, फरदड घेऊ नका, कामगंध सापळे लावा, असं शेतकऱ्याला सांगणारा माणूस कोण असतो? विद्यापीठाचा शास्त्रज्ञ प्रत्येक गावात पोहोचत नाही. सांगतो तो कृषी सहायक, आणि त्याहून जास्त, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागे बसलेला तरुण. आपल्या वऱ्हाडात शेतकऱ्याचा खरा सल्लागार तोच आहे. गावकरी रोगट पान खिशात घालून त्याच्याकडे येतो आणि म्हणतो, ''पाय बरं, काय झालं याले.'' हैदराबादच्या 'मॅनेज' या संस्थेनं 2003 पासून अशा विक्रेत्यांसाठी वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम चालवला आहे. मला त्याचं मोल फार वाटतं. पण पदविका एका वर्षात संपते आणि अळी दरवर्षी बदलते. त्या काउंटरमागच्या माणसाला सात वर्षांत एकदा जरी 'राजकोट' हा शब्द वेळेवर दिसला असता, तर त्यानं पुडीबद्दल जरा जोर देऊन सांगितलं असतं. एवढंच माझं म्हणणं आहे आणि ते मी पूर्ण गांभीर्यानं म्हणतो.

हेही लक्षात घ्यावं की शोधनिबंध स्वतःच उशिरा येतो. प्रयोग संपल्यावर लिहायचा, तपासून घ्यायचा, मग छापायचा, यात वर्ष-दोन वर्षं जातात. म्हणून यादीत नुसती नियतकालिकं पुरत नाहीत. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ तुमच्या अकोल्यातच आहे. त्याच्या सूचना, कापूस संशोधन संस्थेचे साप्ताहिक सल्ले, लिंबूवर्गीय फळांच्या नागपूरच्या संशोधन संस्थेची पत्रकं, हवामान खात्याचा अंदाज, हे जोडलं पाहिजे. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीतून दरवर्षी नव्या शिफारशी बाहेर पडतात, त्याही. जिथं पाटीच लावलेली नाही तिथं आठवड्यातून एकदा स्वतः जाऊन पाहावं लागतं. आपल्या अनेक संस्थांच्या संकेतस्थळांना अजून फीड नाही, आणि मराठीत तर फारच थोडं आहे. ही उणीव दूर करायला फार पैसा लागत नाही. इथं संगणकशास्त्राची मुलं बसली आहेत. एखाद्या संस्थेच्या सल्ल्यांचं फीड त्यांनी प्रकल्प म्हणून उभं केलं तर ते पदवीपुरतं न राहता शिवारापर्यंत जाईल.

शेतीबाहेरचं एकच उदाहरण घेतो. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. वैद्यकीचं शिक्षण नागपूरला. 1976 मध्ये ते कोकणात महाडजवळच्या बिरवाडीला प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. लाल विंचू चावलेली माणसं, पोरं तिथं येत. घामानं निथळणारी, हातपाय गार, पुढं फुप्फुसात पाणी. गंभीर रुग्णांतले शंभरात चाळीसच्या आसपास दगावत. बावस्करांनी रात्र-रात्र रुग्णाशेजारी बसून नोंदी ठेवल्या, त्या 'लॅन्सेट'ला पाठवल्या, आणि पुढं रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशात वापरून मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या घरात आणलं. 2011 मध्ये त्यांची चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली, 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. मला यात दिसतं ते असं : प्राझोसिन विंचवासाठी कोणी बनवलेलं नव्हतं. विष शरीरात कोणती कळ दाबतं हे एकीकडे लिहिलेलं असतं, औषध कोणती कळ अडवतं हे दुसरीकडे. दोन्ही डोक्यात एका वेळी असल्याशिवाय हा सांधा जुळत नाही. खेड्यातल्या डॉक्टरनं वाचत राहायचं ते याचसाठी.

आज धारणीसारख्या दुर्गम गावातल्या तरुण डॉक्टरला ही सोय खिशात मिळते. पबमेड हे वैद्यकीय लेखांचं अमेरिकी सरकारी सूचीस्थळ सर्वांना खुलं आहे. तिथं विंचूदंश, सर्पदंश, सिकलसेल, कुपोषण, आपला जो विषय असेल त्याचे इंग्रजी शब्द टाकायचे आणि शोधाच्या चौकटीखालचं 'क्रिएट आरएसएस' दाबायचं. जो पत्ता मिळतो तो ॲपमध्ये चिकटवला की त्या विषयावरचा नवा लेख सूचीत आला की सारांश तुमच्या दारात. सरांची लाकडी पेटी आता प्रत्येकाला स्वतःची करता येते. मात्र त्या पेटीतलं कार्ड नेमकं लिहायला हवं. नुसतं 'ताप' लिहाल तर शेकडो मथळ्यांखाली गाडले जाल.

हे गाडलं जाणं फार खरं आहे. दर वर्षी मला कोणी ना कोणी सांगतं, ''मी लावलं होतं ते ॲप, महिनाभरात दोन हजार न वाचलेले झाले, मग काढून टाकलं.'' त्या आकड्याकडे पाहून माणसाला अपराधी वाटतं. मित्रहो, तो आकडा कर्जाचा नाही. सगळं एकदम 'वाचलं' म्हणून टाकून द्यायचं बटण प्रत्येक ॲपमध्ये असतं. ते निर्धास्त दाबा. सरांच्या एका पानावर चाळीस मथळे असायचे आणि लाल खुणा तीन. उरलेले सदतीस त्यांनी वाचले होते, म्हणजे मथळा वाचून नाकारले होते. नाकारणं हेही वाचनच आहे, आणि विषयाची जाण असल्याशिवाय ते जमत नाही. पाच दारांपासून सुरुवात करावी. सकाळी पंधरा मिनिटं नाकारायला, आणि आठवड्यात एक लेख पूर्ण, पेन हातात घेऊन. ज्या दारातून तीन महिन्यांत एकही खूण करण्यासारखं आलं नाही, ते यादीतून काढावं.

प्राध्यापक मित्रांना एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण ती मला टोचते. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं आपल्या भागातही घराघरांत पोहोचली. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2019 मध्ये विश्वासार्ह नियतकालिकांची 'केअर' यादी काढली. 2025 मध्ये ती बंद केली, आणि पारख करण्याचं काम पुन्हा संस्थांकडे आलं. फीड काही पारख करत नाही. खरं आणि खोटं त्यात एकाच आकाराच्या अक्षरांत येतं. ज्यानं दार निवडलं त्यानंच ते ओळखायचं. दुसरीकडे 1 जानेवारी 2025 पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजना सुरू झाली. 30 प्रकाशकांची सुमारे 13 हजार नियतकालिकं सहा हजारांहून अधिक सरकारी संस्थांना खुली झाली. आमच्या काळी एका नियतकालिकाच्या वर्गणीसाठी ग्रंथालय समितीत तासभर वाद व्हायचा. आता कोठार उघडं आहे, आणि आत कुठल्या कोपऱ्यात काय आलं हे सांगणारं कोणी नाही. खाजगी दवाखान्यातला डॉक्टर आणि कृषी सेवा केंद्रवाला तर या योजनेबाहेरच आहेत. पण सारांश बहुतेक ठिकाणी सर्वांना वाचता येतो, आणि पूर्ण लेख हवा असला तर महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे जाऊन मागावा. आम्ही त्यासाठीच असतो.

एक सावधगिरीची गोष्ट. 2005 मध्ये सुरू झालेलं गूगल रीडर हे अशा ॲपांतलं सर्वांत लोकप्रिय. कंपनीनं ते 1 जुलै 2013 रोजी बंद केलं. पण वाचकांना आपापली दारांची यादी एका छोट्या फाईलमध्ये भरून बाहेर नेता आली आणि दुसऱ्या ॲपमध्ये जशीच्या तशी उघडता आली. त्या फाईलला ओपीएमएल म्हणतात. वर्षातून दोनदा ती काढून स्वतःलाच मेल करून ठेवा. दुकान कोणाचंही असो, वही आपली असली पाहिजे.

सर निवृत्त झाले तेव्हा ती लाकडी पेटी त्यांनी ग्रंथालयातच ठेवली. काही वर्षांनी कपाटं बदलताना मी ती उघडली. कार्डांवरची बरीच माणसं तोवर बदलून गेली होती, काही हयात नव्हती. एका कार्डावर माझं नाव होतं. खाली लिहिलं होतं, 'ग्रंथालय; कीटकशास्त्र शिकतो आहे, मदत लागेल.' मी कीटकशास्त्र कधी शिकलो नव्हतो. त्या विद्यार्थ्याच्या हंगामानंतर मी चुपचाप त्या विषयाची पुस्तकं घरी नेऊ लागलो होतो, खुणा नीट करता याव्यात म्हणून. मी कोणाला सांगितलं नव्हतं. सरांनी देवघेवीच्या नोंदीतून ओळखलं होतं.

माझी परतीची गाडी सायंकाळी सातची आहे. तोवर मी इथल्या वाचनकक्षात, खिडकीकडच्या टेबलाशी बसणार आहे. ज्यांना यादी करायची असेल त्यांनी मोबाईल घेऊन यावं, आणि येताना एका चिठ्ठीवर आपला विषय लिहून आणावा. 'शेती' नको, 'कपाशी'ही नको. गेल्या आठवड्यात तुमच्या काउंटरवर, दवाखान्यात किंवा वर्गात जो प्रश्न आला आणि ज्याचं उत्तर देताना तुम्ही अडखळलात, तो लिहा. पहिली पाच दारं आपण तिथं बसून शोधू.